नकलेची अस्सल ओढ

नव्वदच्या दशकातील मराठी मध्यमवर्गीय घरात ‘व्हिडिओ गेम’ ही संज्ञा एखाद्या खेळासाठी नव्हे, तर टीव्हीला जोडायच्या संपूर्ण डब्यासाठी वापरली जाई, आणि त्यात खोचायच्या चौकोनी प्लास्टिकच्या वस्तूला, तिच्यात फीत औषधालाही नसताना, सर्वानुमते ‘कॅसेट’ म्हटले जाई. या डब्याचा मूळपुरुष जपानी होता. निन्टेन्डो कंपनीसाठी मासायुकी उएमुरा यांनी घडवलेले ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत मात्र पोहोचली ती त्याची बिनपरवाना भावंडे, जी मूळ घराण्याचे नाव लावत नसत, पण रक्ताने त्याच घराण्यातली असत. त्यामुळे या खेळांचे पुनरुज्जीवन आणि त्यामागची स्मरणरमणीयता, म्हणजे गेलेला काळ होता त्याहून गोड वाटण्याची खोड, यांचा विचार करताना एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते: इथल्या पिढीला ओढ आहे ती नकलेची.

अतिशयोक्ती हा त्या नकलेचा मुख्य अलंकार होता. कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेले असे, म्हणजे प्रत्येक खेळाला एकच मिनिट देऊन, न जेवता न झोपता खेळत राहिले असते, तरी यादी संपायला एकोणीस वर्षे लागली असती आणि दहावीची परीक्षा मध्येच येऊन गेली असती. प्रत्यक्षात मोजक्या खेळांनंतर तेच खेळ वेगळ्या नावाने किंवा मधल्याच टप्प्यापासून पुन्हा सुरू होत. याला साहित्यशास्त्र पुनरुक्तिदोष म्हणते आणि दुकानदार ‘व्हरायटी’ म्हणे.

तरीही या यादीतला मारिओ अस्सल होता. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला असल्याने त्यातले आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकच आकृती आहे, फक्त वर पांढरी आणि खाली हिरवी. जुन्या वह्यांची कोरी पाने फाडून त्यांची रफ वही शिवणाऱ्या घरांना ही काटकसर कळली असती, तर मारिओविषयी वडीलधाऱ्यांचे मत निश्चितच अधिक अनुकूल झाले असते.

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारण्याचा विधी असे. खुद्द निन्टेन्डोने हा उपाय करू नये असे बजावले होते, कारण श्वासातील ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात. खरा गुण येई तो कॅसेट काढून पुन्हा लावल्याने, कारण त्यामुळे पट्ट्यांचा सुटलेला स्पर्श पुन्हा जुळे. परंतु तापाची गोळी आणि अंगारा एकदमच दिल्यावर श्रेय कोणाला मिळते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना फुंकरीच्या कीर्तीचे नवल वाटणार नाही. याच्या जोडीला मोठ्या माणसांचा एक सिद्धान्त होता, तो असा की व्हिडिओ गेममुळे टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. तो मांडण्याची वेळ नेहमी बातम्यांच्या आधीची असे.

नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डोने आपल्या जुन्या यंत्राची तळहातावर मावणारी आवृत्ती काढली. तिच्यात प्रामाणिकपणे मोजलेले ३० खेळ होते, आणि ९९९९९९९ वर वाढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटणे स्वाभाविक होते. खेळ हवा तिथे थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करण्याची सोय झाल्यामुळे, मारिओच्या आठव्या जगात पोहोचल्यावर वीज जाऊन सारे पुन्हा पहिल्यापासून करण्याचे दुःख नाहीसे झाले, आणि त्या दुःखाबरोबर शेजारच्या चार घरांना सांगण्याजोगी कहाणीही गेली. ‘काँट्रा’ या खेळाच्या जागी त्याचा पुढचा भाग होता, त्यामुळे वर-वर-खाली-खाली या क्रमाने बटणे दाबून तीस जीव मिळवण्याची, पाढ्यांपेक्षा पक्की पाठ असलेली विद्या तिथे बेकार ठरली.

‘डक हंट’ तर या छोट्या आवृत्तीत नव्हताच. या खेळातली बंदूक काही सोडत नसे, ती फक्त पाहत असे: चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतला प्रकाश ओळखणारा घटक तो टिपे. हा हिशेब जुन्या टीव्हीच्या काचेवर ज्या वेळी ज्या ठिकाणी प्रकाश उमटतो त्यावर बेतलेला होता. नवा सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, आणि तेवढ्यात बदक कायदेशीररीत्या वाचते.

म्हणजे वडीलधाऱ्यांचा सिद्धान्त अर्धा खरा निघाला, फक्त त्याचा कार्यकारणभाव उलटा होता: व्हिडिओ गेममुळे पिक्चर ट्यूब गेली नाही, पिक्चर ट्यूब गेल्यामुळे व्हिडिओ गेम गेला. ज्यांच्या माळ्यावर जुना टीव्ही अजून शाबूत आहे, त्यांनी तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी शेजारच्या खोक्यात ती बंदूक आहे का, हे एकदा पाहावे; मात्र कॅसेट सापडल्यास फुंकर मारू नये.