मंगळवारचे कोच

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनीपासून वर टाउन्सव्हिलपर्यंत, मार्च लागला की एक जमात डोकं वर काढते. तिच्यातल्या गृहस्थाला सोफ्यावरून उठायला हाताचा टेकू लागतो, पण त्याच्या पदरी एकवीस दांडगे रग्बीपटू असतात. मंगळवारी दुपारी चार वाजता नॅशनल रग्बी लीगचे, म्हणजे एनआरएलचे, संघ जाहीर होतात. त्या घटकेला ऑफिसच्या मीटिंगमध्ये जो माणूस टेबलाखाली मोबाईल धरून वरून गंभीरपणे मान डोलावत असतो आणि मधेच ज्याचा चेहरा पडतो, तो फँटसी कोच, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ बांधून त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण कमावणारा. तिमाहीची विक्री घसरल्याचं याला मनापासून लागलं, असा साहेबांचा समज होतो आणि त्यांना बरं वाटतं. खरी गोष्ट एवढीच असते की त्याने भरवशाने घेतलेला प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला गडी, या आठवड्यात राखीव बाकावर जाऊन बसलेला असतो.

या कोचांत दोन जाती: मुरलेले आणि नवशिके. मुरलेला फारसं बोलत नाही, कारण त्याची लीग ऑफिसातल्याच मंडळींबरोबर असते आणि शत्रूला मसलत कोण देतो? नवशिका मात्र लांबून ओळखू येतो. तो सिडनीच्या पॅरामाटात राहतो म्हणून निम्मा संघ पॅरामाटा ईल्सचा भरतो, उरलेल्या जागी गेल्या हंगामात टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळा दिसलेले वीर बसवतो, संघाला एक चावट नाव देतो आणि पहिल्या गुरुवारी बिअर घेऊन पडद्यासमोर ठाण मांडतो. मे महिन्यापर्यंत तो आपला पासवर्ड विसरलेला असतो. लोक म्हणतात, याला खेळ कळत नाही. हे निदान चुकीचं आहे. खेळ त्याला उत्तम कळतो आणि तेच त्याला भोवतं. तो वर्षानुवर्षं प्रेक्षक म्हणून तयार झालेला माणूस आहे, आणि फँटसी हा प्रेक्षकाचा खेळच नव्हे, कारकुनाचा आहे. नवशिक्यासाठी म्हणून ज्या टिपा सांगितल्या जातात त्या सगळ्या नीट पाहिल्या तर त्याच्यातला रसिक काढून तिथे हिशेबनीस बसवण्याच्याच युक्त्या आहेत.

पुरावा गुणांच्या तक्त्यातच आहे. रग्बी लीगमध्ये एका बाजूला तेरा खेळाडू. चेंडू घेऊन घुसणाऱ्याला समोरचे दोघे-तिघे मिळून खाली पाडतात, कबड्डीत चढाईवाल्याची पकड करावी तसे. तो उठून चेंडू टाचेने मागे सारतो, पुन्हा घुसणं, पुन्हा पाडणं, आणि असं सहा वेळा झालं की चेंडू दुसऱ्या बाजूला. प्रेक्षकाला यातलं काय आठवतं? कोपऱ्यात आडवी झेप घेऊन, रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय करणारा कडेचा विंगर. त्या ट्रायचे मैदानावर 4 गुण मिळतात आणि अधिकृत एनआरएल फँटसीतही 4च. उलट मैदानावर ज्याला छदामही मिळत नाही त्या साध्या टॅकलला फँटसीत 1 गुण आहे. आता मांडा हिशेब. विंगरने दोन ट्राय केले, त्याचे 8. दर 10 मीटरला 1 प्रमाणे 120 मीटर धावला, त्याचे 12. बचावफळी दोनदा भेदली, प्रत्येकी 4 म्हणजे आणखी 8. स्टेडियम उभं राहिलं, टीव्हीने तीनदा रिप्ले दाखवला, आणि झाले एकूण 28. त्याच सामन्यात, पडलेल्या माणसामागून चेंडू उचलून पास देणारा हुकर बचावाच्या वेळी ऐन मध्यात उभा राहून 45 टॅकल करतो. त्याचं नाव समालोचकाच्या तोंडी क्वचित येतं. त्याचे गुण 45, आणि अजून धावण्याचे मोजलेलेच नाहीत. सुपरकोच या दुसऱ्या लोकप्रिय स्पर्धेत ट्रायला 17 गुण आहेत, म्हणून तिथे विंगरवाल्यांना जरा बरे दिवस. पण टॅकलचा 1 तिथेही 1च आहे. तेव्हा पहिली टीप सोपी आहे: संघ बांधण्याआधी आपण ज्या स्पर्धेत उतरतोय तिचा तक्ता वाचा. दहा मिनिटांचं काम. नवशिका ती दहा मिनिटं संघाचं नाव शोधण्यात घालवतो.

मेलबर्न स्टॉर्मचा कॅमेरॉन स्मिथ आठवा. एनआरएलमध्ये 430 सामने खेळलेला हा माणूस दिसायला असा की बँकेच्या काउंटरमागे बसला असता तरी कोणाला संशय आला नसता. हुकर, त्यामुळे टॅकलचा रतीब. वर गोल मारण्याची जबाबदारी त्याच्याकडेच, म्हणून तेही गुण. ज्याला पाहून पोरं नाचत नाहीत पण ज्याचं खातं दर आठवड्याला भरतं, असा खेळाडू शोधणं ही कोचाची दीक्षा. त्यासाठी पाठीवरच्या नंबरापेक्षा मिनिटं बघावी लागतात. बहुतेक प्रॉप दमतात, मधे बाहेर येतात, पुन्हा आत जातात. ब्रिस्बेनचा पेन हास मात्र त्याच जागेवर इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ मैदानात राहतो, म्हणून तो महाग आणि म्हणूनच तो परवडतो. बाकावर बसलेला प्रतिभावंत टॅकल करत नाही. मुरलेला कोच सामना बघताना चेंडूकडे बघतच नाही म्हणा ना. साइडलाइनला कोण उठून गुडघे मोकळे करतोय, याकडे त्याचं लक्ष.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही: असं आकडे मोजत बसायचं तर खेळातला आनंद गेला की! खरं आहे, एक आनंद जातो. पण ज्या खेळाबद्दल हे बोललं जातं त्याचा जन्म कशातून झाला ते पाहावं. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी मूळ रग्बी संघटनेशी फारकत घेतली ती मजुरीच्या प्रश्नावर. यॉर्कशर-लँकेशरचे खेळाडू खाणीत आणि गिरणीत कामाला. सामन्यापायी खाडा पडला तर रोज बुडायचा. त्या बुडालेल्या रोजाची भरपाई द्या, एवढीच मागणी होती, आणि हौशी बाण्याच्या साहेबलोकांना तीही सोसवेना. 1908 साली सिडनीत लीगची स्पर्धा सुरू झाली तेव्हाही तिच्या मुळाशी पैशाची आणि भरपाईची हीच कुरकुर होती. जो खेळच हजेरीपटातून निघाला, त्यात कोणी प्रत्येक अंगमेहनतीला एकेक गुण लावून वही ठेवली, तर ते परंपरेला सोडून झालं असं कसं म्हणावं? शिवाय एका जमेच्या बाजूकडे आक्षेप घेणारे काणाडोळा करतात. चिखलात तोंड खुपसून चाळिसावा टॅकल करणाऱ्या माणसासाठी दिवाणखान्यात कोणी उडी मारून ओरडावं, हे फँटसीआधी फक्त त्याच्या आईच्या घरात होत असे.

यानंतर पैशाचं खातं. प्रत्येक कोचाला काल्पनिक डॉलरची ठरावीक थैली मिळते आणि खेळाडूंचे भाव त्यांच्या ताज्या कामगिरीवर शेअरसारखे वरखाली होतात. नवशिका थैली उघडून मधल्या भावाची बरी माणसं सगळीकडे सारखी पसरतो. हा मध्यमवर्गीय समंजसपणा इथे मारक ठरतो. जाणकारांचा रिवाज वेगळा: काही जागी सर्वात महाग, खात्रीचे खेळाडू, आणि उरलेल्या जागी किमान भावाची, नुकती मिसरूड फुटलेली पोरं. या पोरांना तिकडे कॅश काऊ म्हणतात. पोराला खरोखरच्या संघात जागा मिळालेली हवी, एवढी एकच अट. मग चार-सहा सामन्यांत त्याचा भाव फुगतो, आणि फुगणं थांबलं की त्याला विकून वरचा माणूस घ्यायचा. तोवर चुकलेल्या टॅकलमागे 2 गुण वजा होतात ते दुभत्या गाईची लाथ म्हणून सोसायचे. नवशिका इथेही हळवा होतो. पोराची मुलाखत पाहतो, त्याच्या आजीने त्याला कसं वाढवलं ते ऐकतो, आणि भाव पडायला लागला तरी त्याला विकत नाही. आजी थोर असते, पण थैली फाटते.

पॅरामाटा, हॅरिस पार्क, वेस्टमीड या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि ऑफिसच्या लीगमध्ये ओढला गेलेला आपला माणूस तिथे एक वेगळंच सामान घेऊन येतो: ड्रीम इलेव्हनची सवय. भारतात ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या फँटसीला कुलूप लागलं, पण हात वळलेले आहेत. तिथे संघ एका सामन्यापुरता. रात्री लावला, सकाळी मोडला. इथे संघ मार्चपासून सप्टेंबरपर्यंत नांदवायचा असतो आणि खेळाडू बदलण्याचा कोटा मोजका. त्यामुळे आपला मित्र पहिल्या महिन्यात धडाधड बदल करतो, मित्रांत भाव खातो आणि जूनमध्ये जखमी खेळाडूंची यादी हातात घेऊन, बदल्या संपल्या म्हणून, नुसता बघत राहतो. महिना कसा ओढायचा हे ज्याला रेशनच्या पिशवीवरून कळलेलं आहे, त्याने हा कोटा उधळावा याचं नवल वाटतं.

जून ही खरी परीक्षा. 1980 पासून न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड यांच्यात स्टेट ऑफ ओरिजिनचे सामने होतात. हल्ली तीन, हंगामाच्या ऐन मध्यावर, बहुधा बुधवारी रात्री. उत्तम खेळाडू तिकडे जातात, आणि परत आल्यावर त्यांचे क्लब त्यांना कधी विश्रांती देतात, कधी देत नाहीत. त्यातच 2023 पासून लीगमध्ये संघ सतरा, म्हणजे विषम. दर फेरीला कोणीतरी घरी बसणारच, आणि ओरिजिनच्या सुमारास तर एकदम बरेच संघ बसतात. फेब्रुवारीत ज्याने सगळे तारे जमवले त्याच्या आकाशात जूनमध्ये अमावास्या. म्हणून मुरलेला कोच एक विचित्र गुण शोधत फिरतो: क्लबसाठी उत्तम, पण राज्याला नको असलेला. लहानपण न्यूझीलंडात गेल्यामुळे ओरिजिनला न चालणारा दणकट खेळाडू त्याला जीव की प्राण. बाकी देश ज्या निवडीसाठी प्रार्थना करतो, ती होऊ नये म्हणून हा एकटा नवस बोलतो.

कर्णधाराचे गुण दुप्पट धरतात, आणि यातली एक खोच सांगितल्याशिवाय हे व्यक्तिचित्र पुरं होणार नाही. उपकर्णधार गुरुवारी खेळून घसघशीत गुण मिळवतो. मग कोच काय करतो? त्या आठवड्यात मैदानात उतरणारच नाही अशा माणसाला कर्णधार नेमतो; कर्णधार गैरहजर, म्हणून दुप्पटीचा मान उपकर्णधाराकडे. हे पूर्णपणे नियमात बसतं. आपल्याकडच्या सहकारी संस्थांचे नियम कोळून प्यालेल्या माणसाला हे सांगावंसुद्धा लागणार नाही.

दुसरा आक्षेप टॉम ट्रबोयेविच नावाचा आहे. 2021 मध्ये मॅनलीचा हा फुलबॅक मांडीच्या दुखापतीने सुरुवातीच्या फेऱ्यांना मुकला, साखळीत फक्त 15 सामने खेळला, आणि तरी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक घेऊन गेला. बघा, म्हणतात लोक, तुमची वही काय करणार अशा प्रतिभेपुढे? मान्य. पण त्याचा फायदा कोणाला झाला ते पाहा. तो परतल्यावर, पुन्हा धावतोय याची खात्री करून, भाव चढायच्या आत ज्यांनी खरेदी केली त्यांना. प्रेमापोटी मार्चपासून त्याला नुसतं सांभाळत बसलेल्यांची ती जागा तितके आठवडे शून्यावर राहिली. प्रतिभेशी वहीचं वैर नाही. ती फक्त तारीख विचारते. नशिबाचंही तसंच. डोक्याला मार लागला तर खेळाडू तपासणीला बाहेर जातो, आणि मेंदूला धक्का बसल्याचं निघालं तर 2023 पासून साधारण 11 दिवस सक्तीची विश्रांती. हे कोणाच्याही संघात होतं. मुरलेल्याकडे त्या दिवशी बदलीचा माणूस आणि एक शिल्लक बदल असतो, नवशिक्याकडे फक्त शिव्या.

शिव्यांवरून आठवलं. कारकुनी अंगात भिनली की माणूस खेळाडूला माल समजू लागतो, हा तिसरा आक्षेप, आणि याच्यापुढे माझा वकील गप्प बसतो. 61 ऐवजी 19 गुण केले म्हणून खेळाडूला रात्री अकरा वाजता शिवीगाळीचे संदेश पाठवणारे कोच आहेत. ते कसलेले आणि नवशिके दोन्हीत सापडतात. त्यांच्यासाठी तक्त्यात न छापलेली एक टीप: तो खेळाडू तुमच्या संघात आहे हे त्याला कोणीही कळवलेलं नाही. त्याला खरा कोच वेगळा आहे, त्याने त्याला उजव्या कडेला उभं राहायला सांगितलं होतं, आणि सगळा खेळ डावीकडे झाला. संदेश पाठवायचाच असेल तर ऑफिसातल्या त्या गप्प बसणाऱ्या सहकाऱ्याला पाठवा. त्याने हा माणूस मंगळवारी चार वाजून दोन मिनिटांनी विकून टाकला होता.