मजुरीचा खेळ

ब्लॉकचेन खेळ रंजक करण्याचे जे उपाय आजवर सापडले, त्यांत सर्वांत खात्रीचा म्हणजे खेळाडूला खेळण्याची मजुरी देणे. कथा, चुरस, चित्रे वगैरे जुन्या कटकटी त्यामुळे आपोआप टळतात. व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीचा, २०१८ साली आलेला ‘ॲक्सी इन्फिनिटी’ हा या शास्त्राचा मूलग्रंथ मानावा लागेल.

ॲक्सी हे मेक्सिकोतल्या ॲक्झोलॉटलवर बेतलेले गुबगुबीत प्राणी. प्रत्येक ॲक्सी एनएफटी, म्हणजे त्याची मालकी साखळीवर नोंदलेली. तिघांची तुकडी हाताशी असल्याखेरीज लढाईत उतरता येत नसे, आणि २०२१च्या मध्यावर अशी तुकडी हजार डॉलरच्या घरात गेली. एवढे पैसे ओतल्यावर माणसाचा जीव खेळात गुंततो म्हणतात. जीवाचे माहीत नाही, भांडवल नक्की गुंतते.

ज्यांच्यापाशी भांडवल नव्हते त्यांच्यासाठी ‘स्कॉलरशिप’ निघाली. मालकाने आपले ॲक्सी वापरायला द्यायचे, फिलिपिन्समधल्या, टाळेबंदीत काम गेलेल्या माणसाने ते मोबाइलवर तासन्‌तास लढवायचे, आणि मिळकतीचे वाटे पाडायचे. आपल्याकडे शेत अर्धेलीने कसायला देतात त्यातलाच प्रकार. फक्त इथे कुळाला ‘स्कॉलर’ म्हणत. ठरलेला कोटा भरला नाही, तर मालक ॲक्सी काढूनही घेई. खेळ इतका रंगला की दांडी मारायची सोय उरली नाही.

मजुरी मिळे एसएलपी नावाच्या नाण्यात. ते खर्च व्हायचे मुख्यतः नवे ॲक्सी पैदा करण्यासाठी, आणि हे नवे ॲक्सी विकत घ्यायचे कोणी, तर नव्या खेळाडूंनी. थोडक्यात, आजच्या खेळाडूची करमणूक उद्याच्या खेळाडूच्या खिशातून. जुलै २०२१मध्ये तीस सेंटच्या वर असलेले हे नाणे वर्षभरात एका सेंटच्याही खाली आले. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२मध्ये, कंपनीने रोजच्या कामगिरीचे एसएलपी बंद केले. खेळ तसा कंटाळवाणाच आहे, हा शोध अनेकांना त्याच सुमारास लागला.

खरा थरार मार्चमध्ये घडला. खेळाच्या रोनिन साखळीवरून चोरांनी साठ कोटी डॉलरहून अधिक ऐवज लांबवला. साखळीवरचे व्यवहार मंजूर करणाऱ्या नऊ चाव्यांपैकी पाच हाती आल्या की काम भागत होते. सहा दिवस कोणाला पत्ता नव्हता. एका वापरकर्त्याला आपले पाच हजार इथर काढता येईनात, तेव्हा कुठे बोंब झाली. एफबीआयने उत्तर कोरियाच्या लॅझरस टोळीकडे बोट दाखवले. ‘खेळा आणि कमवा’ हे ब्रीद इतक्या मनावर दुसऱ्या कोणी घेतल्याचे दिसत नाही.

एप्रिल २०२२मध्ये ‘ओरिजिन’ ही आवृत्ती आली आणि कंपनीने एक धाडसी प्रयोग केला: नवशिक्याला सुरुवातीचे ॲक्सी फुकट. ते विकता येत नाहीत, त्यांची पैदासही करता येत नाही. त्यांच्याबरोबर नुसते खेळता येते.