हाडांचे तात्या

भाजे गावात कुणाचं हाड मोडलं की ते त्याचं एकट्याचं राहत नाही, तात्यांचं होतं. घरची माणसं रिक्षा बोलवावी की जीप यावर वाद घालत असतात, तोवर तात्या ओसरीवर चपला काढून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कांडवेल खिशातून बाहेर घेऊन विचारत असतात, "आधी सांगा, आवाज कसा आला? कट्ट का चर्र?" पडलेला माणूस विव्हळत दोन्हींपैकी एक काहीतरी कबूल करतो. तात्या जाणतेपणानं मान हलवतात. उत्तर कुठलंही असो, मान तेवढीच हलते.

असे तात्या मावळात गावोगाव सापडतील, पण भाज्याच्या तात्यांना भूगोलाची साथ आहे. वर लोहगड-विसापूर, डोंगराच्या कुशीत लेणी, पावसाळ्यात तिथला धबधबा. शनिवार-रविवारी मळवली स्टेशनवर लोकल रिकामी होते आणि झिजल्या तळव्यांचे बूट घातलेली पुण्या-मुंबईची पोरं एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून शेवाळाच्या भेटीला निघतात. गावकऱ्यांसाठी भाताचे बांध आहेतच. जून ते सप्टेंबर तात्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

तात्या रेल्वेत गँगमन होते, सारी हयात खंडाळ्याच्या घाटात गेली. त्यामुळे त्यांचं अस्थिशास्त्र रुळावरून चालतं. "रूळ तुटला तर काय करतो आपण? दोन्ही टोकं सरळीत आणायची, मग फिशप्लेट, मग बोल्ट. वाकड्यालाच बोल्ट ठोकला तर गाडी कुठं जाईल? दरीत!" आणि गंमत अशी, की सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नाचा जो तिसरा अध्याय आहे, त्यात क्रम हाच: ओढायचं, दाबायचं, टोकं जुळवायची, मग बांधायचं. बांधायला वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली किंवा बांबूच्या कांबी. पट्टी थंडीत सात दिवसांनी बदलायची, उन्हाळ्यात तीन, मधल्या ऋतूत पाच. सैल पडली तर सांधा हलतो, आवळली तर सूज आणि ठणका. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मॅथिसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरनं १८५२ मध्ये जगापुढे आणली. तोवर जगाचं बरंचसं काम अशाच कांबींवर चाललं होतं.

तात्यांनी सुश्रुत वाचलेला नाही, ऐकलेला आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढून योग प्रयोगशाळेत नेला. भाज्यात तात्यांनी आयुर्वेद जिभेवर घेतला. पण अपघाताच्या जागी हा माणूस पाहावा. धबधब्याखाली एका पोराची नडगी मोडली तेव्हा बाकीचे मोबाइलवर चित्रीकरण करत होते. तात्यांनी कुणालाही पाय ओढू दिला नाही, दोन बाजूंना बांबूच्या कामट्या लावल्या, उपरण्यानं बांधल्या आणि "एक्स्-रे काढल्याबिगर कुणी तेल लावील तर त्याचाच पाय मोडीन" अशी तंबी देऊन पोराला खाली रवाना केलं. सगळं मिळून चार वाक्यं. तिथंच थांबले असते तर मी त्यांच्यावर लिहिलं नसतं. तात्यांनी पोराचा नंबर घेतला. त्या पोराला पुढं रोज सकाळी उगवता सूर्य, विठोबा आणि कांडवेल असं एकत्र चित्र येऊ लागलं. त्यानं नंबर बदलला, असं तात्या हळहळून सांगतात. "पोरगं चांगलं होतं, पण पथ्याला कच्चं."

ते पथ्य काय असतं, हे आमच्या काकूंचं मनगट मोडलं तेव्हा समजलं. ऐन लावणीत, न्याहारी घेऊन जाताना बांधावरून घसरल्या. तळेगावच्या डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं, सहा आठवडे सांगितले. संध्याकाळी तात्या हजर.

"वयनी, वय काय तुमचं?"

"अडुसष्ट. तुम्हाला काय करायचंय?"

"मग तुम्ही मध्यम वयाच्या. सुश्रुताच्या हिशेबानं सोळा ते सत्तर मध्यम. लहान पोराचं हाड महिन्यात जुळतं, मध्यमाचं दोन महिन्यांत, म्हाताऱ्याला तीन."

तात्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत यशस्वी उपचार. काकूंना त्या दिवसापासून कळा कमी झाल्या. सुनेनं "आता वयानुसार" असं वाक्य सुरू केलं की त्या प्लास्टरचा हात वर करून म्हणत, "मध्यम!"

मग तात्यांनी वर्ज्य पदार्थांची यादी काढली. मीठ नको, आंबट नको, तिखट नको, खार नको, कोरडं नको. मावळातल्या बाईला मीठ, चिंच आणि ठेचा सोडायला सांगणं म्हणजे ताटातला फक्त भात शिल्लक ठेवणं. यादीत पुढं ऊन आहे, व्यायाम आहे आणि मैथुनही आहे. तिथवर येऊन तात्या जोरात खोकले आणि म्हणाले, "आणि... उन्हात अजिबात जायचं नाही." काका पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "पाऊस पडतोय तात्या."

हितकर पदार्थांत मांसरस येतो. तात्या माळकरी. देहू इथून लांब नाही आणि वारी त्यांनी चुकवलेली नाही. पण रुग्णासाठी पायाचं सूप सांगताना त्यांच्या डोळ्यांत जे पाणी येतं ते निव्वळ भक्तीचं म्हणता येणार नाही. "रातभर मंद आचेवर... वर तुपाची धार... मिरी थोडीच..." सांगता सांगता त्यांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडं जातो आणि ते घाईनं नाचणीवर येतात. नाचणीबद्दल वाद नाही; शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, असं पोषणाच्या तक्त्यांतही सापडतं.

सुश्रुतात पहिल्या वेताच्या गाईचं दूध, तूप आणि लाख घालून सकाळी गार प्यायला सांगितलंय. तात्या पाटण-देवल्यापर्यंत गोठे धुंडाळत फिरले. "पहिलंच वेत का?" असं दारोदार विचारणारा माणूस पाहून दोघांनी त्यांना दलाल समजून भाव सांगितला. शेवटी गाय सापडली. दूध दोन दिवस आलं. मग मालकानं ते डेअरीला घातलं आणि काकूंनी पिशवीतलं घेतलं.

राहिली कांडवेल. सुश्रुताच्या या अध्यायात ती नाही. नंतरच्या चक्रदत्त या ग्रंथात तूप-दुधाबरोबर घ्यायला सांगितलीय. बनारसला डॉ. उडुपांनी १९६०च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून हाड लवकर भरतं असं नोंदवलं; माणसांवरचा पुरावा मात्र अजून तुटपुंजा आहे. तात्यांना पुराव्याची वाट पाहायला वेळ नव्हता. वेलीची कच्ची कांडी घशाला खाजते, म्हणून त्यांनी चटणीत चिंच घालायला सांगितली. काकूंनी शांतपणे विचारलं, "आंबट वर्ज्य ना?" तात्या त्या दिवशी चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते आंबेहळद-रक्तबोळाचा लेप घेऊन. प्लास्टरवरूनच लावायचा त्यांचा विचार होता. "झिरपतं आत." डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "कांडवेलीचं काय ते वैद्यांना विचारा, लाडू खा, पण प्लास्टर भिजवलंत तर मी पुन्हा पैसे घेईन." लेप काकांच्या गुडघ्याला लावला गेला. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, किंचित तिरकं. डॉक्टर म्हणाले, काही बिघडत नाही. काकूंना वाईट वाटलं. तात्या म्हणाले, "वयनी, वरच्या चैत्यगृहातले खांब बघितलेत का? सगळे आत कललेत. दोन हजारांवर वर्षं झाली. कुणी प्लास्टर घातलं?" जुळल्याचं श्रेय अर्थात कांडवेलीला गेलं आणि तिरकेपणाचं डॉक्टरांना.

दवाखान्यातून हात दाबायला पिवळा स्पंजचा चेंडू मिळाला होता. तात्यांनी तो नातवाला दिला. सुश्रुतानं तळहाताच्या भग्नासाठी आधी मातीचा गोळा धरायला सांगितलाय, मग मिठाचा खडा, आणि बळ आलं की दगड. मनगट काय, तळहात काय, शेजारीच तर आहेत. माती खाचरातली आली. मिठाचा खडा काकूंनी धरला आणि संध्याकाळी आमटीत टाकला. शेवटी तात्यांनी इंद्रायणीतून गोटा आणला, चांगला बैठा, हातात मावेलसा.

"धरा. दाबा. आलं का बळ?"

त्याच वेळी पडवीवर वाळत घातलेल्या नाचणीवर माकड उतरलं. काकूंचा हात आपसूक मागं गेला. माकड वाचलं, कौल गेलं. तात्या आनंदानं उठून फुटलेल्या कौलाखाली उभे राहिले, दोन्ही तुकडे जुळवून पाहिले आणि म्हणाले, "वयनी, चुना आहे का घरात? आणि थोडा गूळ."