गाव कुठं लागतं?

गाव कसं असावं, याची सपाटीवरच्या माणसाला पक्की कल्पना असते. आधी वेस, मग मारुती, मग पार, पारावर पत्ते कुटणारी रिकामी मंडळी, आणि भिंतीला भिंत लावून बसलेली घरं. शेजारी कशाला फोडणी पडली, हे आपल्या ओसरीवर कळलंच पाहिजे. शहादा-तळोद्याकडची गावं या हिशेबात बसतात. असा माणूस चांदसैली घाट चढून धडगावकडे निघाला की बऱ्याच वेळानं विचारतो, ‘‘दादा, गाव कुठं लागतं?’’ मका खुडणारा दादा नवलानं बघतो. ‘‘गावातच उभे आहात. कोणत्या पाड्यावर जायचं?’’

सातपुड्यात गाव एका जागी बसत नाही. या टेकाडावर चार घरं, नाल्यापलीकडे सहा, तिसरा पाडा आणखी दोन चढ चढून. एक पाटीलपाडा, एक पुजारीपाडा. ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात: बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौलं. पिकाची राखण खाटेवर पडल्या पडल्या होते. उन्हाळ्यात अंगणभर कैरीच्या फोडी वाळत असतात. आमचूर होऊन त्या धडगाव-मोलगीच्या बाजारात जातात. शेजारणीशी भांडायचं तर दरी उतरून पुन्हा चढावं लागतं. तोवर निम्मा राग तरी ओसरत असणार.

कुणाचं घर उभारायचं असलं की मात्र पाडेच्या पाडे हजर. याला लाह म्हणतात. मजुरी नाही, घरधनी जेवू घालतो. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे, पण नळाला मोटार कुणी लावली यावरून बोलणं बंद आहे.

सरकारी कागदाला अशी गावं फार छळत असतील. रस्ता गावापर्यंत पोचला असं लिहिलं, तरी कोणत्या पाड्यापर्यंत, हे उरतंच. खरं तर राज्याची गणती इथूनच सुरू होते: लोकसभेचा पहिल्या क्रमांकाचा मतदारसंघ नंदुरबार, विधानसभेचा अक्कलकुवा.

अख्खं गाव एका जागी बघायचंच असेल, तर होळीला यावं. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी नावाजलेली. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले गडी रात्रभर ढोलावर नाचतात, आणि होळी पेटते ती पहाटे. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे एकमेकांकडे जाता येतं. काठीची आटोपली की मंडळी पुढच्या गावाला निघतात. झोपायचं कधी, हे विचारणारा तिथं मी एकटाच होतो.