शाकारलेल्या बोटीच्या केबिनमधील कुबटपणा : एक मीमांसा

कोकणातल्या हापूसवर, दशावतारावर आणि भुतांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या बोटीच्या केबिनला जो वास चढतो, त्याकडे विद्वानांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. ही उणीव भरून काढणे अगत्याचे आहे. निबंधाची व्याप्ती तांडेल ज्यात सुकाणू धरून बसतो, तेवढ्या लाकडी खोपटापुरतीच आहे. माशांचा खण हा वेगळा विषय असून तो अधिक धाडसी अभ्यासकाची वाट पाहत आहे.

या शास्त्रात दोन संप्रदाय आहेत. उघडपंथीयांच्या मते केबिनचे दार पावसाळाभर उघडे असावे. बंदपंथीयांच्या मते ते असे लावावे की मुंगीलाही आत शिरता येऊ नये. तांडेल बहुधा उघडपंथी असतो आणि नाखवा बंदपंथी, कारण आतला वायरलेस आणि जीपीएस नाखव्याच्या पैशाचा असतो. तात्त्विक भूमिकांची मुळे अशी अनेकदा पावतीत सापडतात.

बंदपंथाचा युक्तिवाद वजनदार आहे, आणि तो वजन करूनच पाहू. २८ अंश तापमानाची हवा दर घनमीटरमागे जास्तीत जास्त २७ ग्रॅम बाष्प धरू शकते. जुलैत आर्द्रता ८५ टक्के धरली, तर प्रत्यक्षात २३ ग्रॅम. केबिन दोन मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच मानली (तांडेल हसेल, पण गणिताला ऐसपैस जागा लागते), तर आतल्या हवेत १८५ ग्रॅम पाणी झाले. म्हणजे दार उघडून हवा बदलली, की प्रत्येक वेळी पेलाभर पाणी आत घेतले. यावर उघडपंथी विचारतो, ‘आणि आतली गादी, दोर, लाइफ जॅकेटं काय कोरडी आहेत? त्यांचं पाणी जायचं कुठून?’ या प्रश्नाला बंदपंथाकडे उत्तर नाही. आजवर त्यांनी फक्त कुलूप बदलले आहे.

वस्तुतः दोन्ही पंथांनी मिठाचा विचार केलेला नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी हे दर आषाढात सिद्ध करते आणि तिला कोणी संशोधक मानत नाही. समुद्राचे पाणी उडून सुकलेली गादी म्हणजे कापसात भरलेले मीठच. ती दार उघडे ठेवूनही वाळत नाही आणि लावूनही वाळत नाही, कारण किनाऱ्यावरची आर्द्रता त्या दोन महिन्यांत ७५च्या खाली क्वचितच उतरते. सबब खरा उपाय मे महिन्यातच करायचा असतो. गादी, दोर, पडदे बाहेर काढून गोड्या पाण्याने खळखळून धुवावेत, उन्हात कडक वाळवावेत आणि थेट घरी न्यावेत. केबिनच्या फळ्याही गोड्या पाण्यानेच पुसाव्यात. मेच्या अखेरीला मचूळ पाण्याच्या टँकरसाठी रांग लावणाऱ्या वाडीला हे सांगताना शास्त्रकाराने थोडे मागे उभे राहावे.

परदेशी प्रमाण हवेच असेल, तर कॅप्टन कूकचे घ्यावे. तो जहाजाच्या पोटात लोखंडी भांड्यांतून विस्तव फिरवून ओल मारीत असे. खलाशांचे आरोग्य कसे राखले यावरच्या त्याच्या निबंधाला, ज्यात हा विस्तवही आहे, रॉयल सोसायटीने १७७६ साली कोप्ली पदक दिले. विस्तवामागचे तत्त्व सोपे आहे. २७ अंशांची ८५ टक्के आर्द्र हवा पाच अंशांनी तापवली, तर पाण्याचा थेंबही न काढता आर्द्रता ६४ टक्क्यांवर येते, आणि बुरशीला तेवढ्यात भागत नाही. आपल्याकडे हेच काम कपाटातला साठ वॉटचा पिवळा बल्ब निमूटपणे करीत असे. पुढे एलईडी आला. त्याने विजेचे बिल वाचवले आणि बुरशीही वाचवली. डिझेलचा वास मुरलेल्या लाकडी केबिनमध्ये कूकचा विस्तव मात्र कोणीही नेऊ नये. मग कुबटपणाच काय, केबिनही उरणार नाही.

उरलेल्या द्रव्यांचा निकाल थोडक्यात. डांबरगोळी कसर मारते, ओल नाही. कडुनिंबाचा पाला ओला टाकला तर तोच प्रथम बुरसतो. लोणारी कोळसा वास शोषतो, पण त्याचे तोंड लवकर भरते. कळीचा चुना पाणी खरोखर पितो, मात्र पिताना तापतो आणि फुगतो, म्हणून तो डब्यात काठोकाठ भरू नये. उदबत्तीने कुबट वास जात नाही. त्याला फक्त सोबत मिळते.

छपराबाबत मात्र प्रस्तुत लेखक पक्षपाती आहे. लाकूड खाऱ्या पाण्याने जितके कुजत नाही तितके पावसाच्या पाण्याने कुजते, हे जुन्या सुतारांना पक्के ठाऊक असते. तेव्हा छप्पर हवेच. माडाच्या विणलेल्या झापांतून हवा खेळते. निळी ताडपत्री टपाला चिकटून बसली, की उघडिपीत आतली ओल वाफ होऊन वर जाते आणि संध्याकाळी ताडपत्रीच्याच पोटाला थेंब होऊन गळते. केबिनमध्ये पाऊस पाडण्याची इतकी स्वस्त सोय दुसरी नाही. ताडपत्रीच घालायची तर खाली बांबू आडवे टाकून हातभर पोकळी ठेवावी आणि दोन्ही टोके मोकळी सोडावीत. दाराला जाळी मारून झडीच्या उलट बाजूचे अंग उघडे ठेवले, की उघडपंथाचा विजय होतो आणि जीपीएस नाखव्याने घरी नेला, की बंदपंथाचाही.

असे असूनही वाद मिटत नाही, याचे कारण पुराव्यात आहे. बंदी उठते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जातो, बोट पहिल्या फेरीला निघते, आणि परत येते तेव्हा केबिनमध्ये डिझेल, बोंबील आणि विडी यांखेरीज कसलाच वास उरलेला नसतो. कोणाचे म्हणणे खरे होते हे तपासायला मग पुढचा जून उजाडावा लागतो.