चेंडू मागणारा माणूस

विश्वचषकाला निघालेल्या संघाने सोबत चेंडू न्यावेत, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. मे २००२ मध्ये आयर्लंडचा संघ सरावासाठी प्रशांत महासागरातल्या सायपान बेटावर उतरला, तेव्हा चेंडू आणि सरावाचे कपडे अजून वाटेतच होते. मैदान दगडासारखं टणक. समुद्र मात्र उत्तम होता, हे आयरिश फुटबॉल महासंघाच्या बाजूने नोंदवायला हवं. पण कर्णधार रॉय कीनला समुद्रात रस नव्हता.

हा माणूस पहिल्यापासूनच असा. कॉर्कचा पोरगा, कोव्ह रॅम्बलर्ससारख्या छोट्या क्लबातून १९९० मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला आणि तीन वर्षांत ३७.५ लाख पौंडांना मँचेस्टर युनायटेडने विकत घेतला. ब्रिटनमधला तेव्हाचा विक्रमी भाव. एवढी किंमत मिळाल्यावर शहाण्या माणसाने गोड बोलायला शिकावं! पण २००० मध्ये त्याने स्वतःच्याच क्लबच्या पाहुण्यांना सुनावलं, की तुमचं लक्ष खेळापेक्षा कोळंबीच्या सँडविचकडे जास्त. तिकिटाचे जादा पैसे मोजणाऱ्यांशी असं बोलतात का? मैदानावर तर तोंडाऐवजी पाय चालायचे. प्रतिस्पर्धी खेळाडू हालँडवरच्या एका आडदांड टॅकलचं वर्णन आत्मचरित्रात इतक्या मोकळेपणाने केलं, की पाच सामन्यांची बंदी आणि दीड लाख पौंड दंड पदरात पडला. इथे त्याची बाजू घ्यायला मीही धजत नाही.

तर सायपान. कीनने या तयारीवर टीका करणारी मुलाखत एका वर्तमानपत्राला दिली. प्रशिक्षक मिक मॅकार्थींनी ती सगळ्या संघासमोर काढली. मग कीनने मॅकार्थींच्या खेळापासून माणूसपणापर्यंत सगळ्याची जी लक्तरं काढली, ती ऐकून खोलीत कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. कर्णधार घरी. बदली खेळाडूची मुदत संपलेली, म्हणून संघ बावीस जणांचा. चेंडू मागवण्याची मुदत कुणी पाहिली नव्हती, पण खेळाडू बदलण्याची मुदत मात्र सगळ्यांना तोंडपाठ निघाली. पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी मध्यस्थीची तयारी दाखवली. देश दुभंगला. घराघरांत जेवणाच्या टेबलावर एकच वाद. कीन घरी कुत्रा फिरवत होता आणि कॅमेरे त्या कुत्र्यामागे.

त्याच्याशिवाय संघ बाद फेरीपर्यंत गेला आणि स्पेनकडून पेनल्टींवर हरला. महासंघाला हायसं वाटलं असेल. पण त्यांनीच नेमलेल्या चौकशीचा अहवाल नोव्हेंबरमध्ये आला आणि तयारीतल्या ढिसाळपणाबद्दल कीनचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं ठरलं. सरचिटणीसांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात मॅकार्थीही गेले.

पुढे २०१३ मध्ये याच महासंघाने कीनला सहायक प्रशिक्षक नेमलं. आता तो टीव्हीवर बसतो आणि खेळाडूंना झापतो. ज्या जिभेपायी विश्वचषक हुकला, तिचेच आता पैसे मिळतात.

महासंघाचं मात्र बरं चाललं नाही. २०१९ मध्ये दुरुस्त हिशेब जाहीर झाले, तेव्हा पाच कोटी युरोंहून अधिक देणी निघाली आणि पुढच्या वर्षी सरकारला मदतीला धावावं लागलं. हा पैसा सरावाच्या चेंडूंवर उधळला गेला, असा आरोप अजून कुणीही केलेला नाही.