मेहुण्यांचा युरोप

युरोपदर्शनाचा आमचा संकल्प परकीय चलनाच्या दरापाशी येऊन मोडला, हे वर्तमान कळताच लखनौच्या मानक नगरात स्थायिक झालेल्या आमच्या मेहुण्यांनी कळविले की समुद्र ओलांडण्याचे प्रयोजन नाही. युरोप नवाबांनी केव्हाच इकडे आणून ठेवला आहे. मेहुण्यांची हयात आरडीएसओत, म्हणजे १९५७ सालापासून रेल्वेच्या यच्चयावत सामग्रीची मापे मुक्रर करणाऱ्या संस्थेत गेलेली. त्यामुळे कोणतीही वास्तू त्यांना प्रथम सदोष वाटते आणि मोजून झाल्यावरच सुंदर.

प्रारंभ घराजवळच्या आलमबागेतील सेनापती हॅवलॉकच्या कबरीपासून झाला. नॉर्थम्बरलंडमधील एका प्रासादाच्या नमुन्यावर नवाब सआदत अली खानांसाठी बांधलेल्या दिलकुशा कोठीत हा इंग्रज वीर १८५७ च्या नोव्हेंबरात हगवणीने निवर्तला, असे मेहुणे सांगत असतानाच ताईने आमच्या हातातील पाण्याच्या बताशांचा द्रोण काढून घेतला. दिलकुशाचे आता भग्नावशेषच उरले आहेत. मेहुण्यांनी त्यांना नापास करण्याचे सौजन्याने टाळले.

ला मार्टिनियर हा महाल मात्र शाबूत आहे. फ्रान्सच्या लियॉं शहरी जन्मलेला क्लोद मार्तें कंपनीच्या फौजेत मेजर जनरल झाला, अवधमध्ये त्याने अमाप माया जमविली आणि १८०० साली वारल्यावर तो स्वतःच्याच महालाच्या तळघरात पुरला गेला. नवाबाने महाल जप्त करू नये म्हणून त्यानेच ही तजवीज केली, असे सांगतात. सेवानिवृत्तीनंतर सरकारी बंगला न सोडण्याच्या अनेक युक्त्या मेहुण्यांनी पाहिल्या होत्या, पण इतकी निर्वेध त्यांच्याही पाहण्यात नव्हती.

पुढे हुसैनाबादेत लंडनच्या धर्तीचे २२१ फुटी घंटाघर आणि कॉन्स्टॅन्टिनोपलच्या एका दरवाजावरून बेतलेला म्हणतात तो रूमी दरवाजा हे दोन दूरदेशीचे पाहुणे एकमेकांची ओळख न दाखविता एकाच रस्त्यावर उभे आहेत. पण मेहुण्यांची खरी कसोटी लागली ती बड्या इमामबाड्यात. १७८४ च्या दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून असफउद्दौलाने तो आरंभिला. रयतेने दिवसा बांधलेले उमराव रात्री पाडीत, म्हणजे दोघांचीही मजुरी चालू राही, अशी आख्यायिका आहे, आणि ही पद्धत नवाबीबरोबर लयास गेली हे मेहुण्यांना मान्य नाही. मधले दालन सुमारे ५० मीटर लांब, आणि छताला तुळई म्हणून नाही! वाटाड्याने एका टोकाला काडी ओढली ती दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू आली. मेहुणे मान वेळावून छताचा भार, कमानीचा दाब आणि चुन्याची प्रत यांविषयी जाबजबाब घेऊ लागले, तेव्हा वाटाड्या अत्यंत अदबीने म्हणाला, "हुज़ूर, सवा दो सौ बरस से खड़ा है, आज आप फेल मत कीजिए."

चौकातील गल्ल्यांत गोल दरवाजापाशी मख्खन-मलाईचा फेस खाताना मेहुणे प्रथमच वजनमापाविषयी काही बोलले नाहीत.

विनाशर्त पसंती त्यांनी दिली ती कैसरबागेला, आणि तीही वाजिद अली शाहाच्या परीखान्यामुळे नव्हे, तर वाळकेश्वरच्या विष्णु नारायण भातखंड्यांमुळे, ज्यांनी १९२६ साली इथेच संगीताचे मॅरिस कॉलेज काढले आणि रागांच्या अरण्याला दहा थाटांची शिस्त लावली. "हा खरा मानक माणूस!" असे म्हणून मेहुण्यांनी टोपी काढली.

"तर काय," ताई म्हणाली, "ह्यांचा स्वतःचा षड्ज मात्र तीस वर्षे मंजुरीसाठी पडून आहे."